जमिनीवरून ओट्यावर

उतारवयात एकटीनं घर चालवणाऱ्या बाईचं कौतुक आपल्याकडे ठरल्या शब्दांत होतं. जुनं हाड आहे, लहानपणी घरचं दूधतूप खाल्लंय, स्वभावच मुळी कोणापुढे हात न पसरण्याचा. म्हणजे बरंचसं श्रेय शरीराला, उरलेलं स्वभावाला. ती ज्या घरात हे सगळं करते त्या घराला कोणी श्रेय देत नाही, आणि जिला जमत नाही तिच्या घराला कोणी दोषही देत नाही. गुडघे गेले, कंबर धरली, एवढ्यावर विषय संपतो. गेल्या सव्वाशे वर्षांतल्या मराठी स्वयंपाकघराकडे पाहिलं तर मात्र हा हिशेब वेगळा मांडावासा वाटतो. म्हाताऱ्या माणसाला घरकाम झेपतं की नाही, हे त्या कामाची जागा जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि त्यातलं जड काम उंबऱ्याबाहेर गेलं आहे की नाही, यावर फार मोठ्या प्रमाणात ठरत आलं आहे. गुडघे शंभर वर्षांपूर्वीही झिजत होते. बदललं ते घर, आणि तेही सगळ्यांसाठी सारखं बदललं नाही.

१९००च्या सुमाराचं घर डोळ्यांपुढे आणावं. ते पुण्यातल्या वाड्यातलं बिऱ्हाड असो, कोकणातलं माडाखालचं घर असो की देशावरचं शेतकऱ्याचं खण दोन खणांचं, कामाची पातळी एकच: जमीन. चूल जमिनीलगत, तिला चिकटून वैल. जाळ धरेनासा झाला की फुंकणी घेऊन तोंड थेट चुलीशी न्यायचं. विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, उखळ तर कित्येक घरांत जमिनीतच पुरलेलं. भांडी राखेनं घासायची ती उकिडवं बसून. भुई सारवायची ती ओणवं होऊन, हातानं, मागं मागं सरकत. केरसुणी आखूड, त्यामुळे झाडणंही कमरेत वाकून. जेवणारे पाटावर बसत आणि वाढणारी दर पदार्थाला दर पानासमोर वाके. दहा जणांच्या पंगतीला हे वाकणं किती वेळा होई याचा हिशेब कोणी ठेवला नसेल, पण तो करणं अवघड नाही. खाली बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नाही अशा माणसाला या घरात एखादा वेळचा स्वयंपाकसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं करणं जवळपास अशक्य होतं.

तरी म्हातारी माणसं रिकामी बसत नव्हती. तांदूळ निवडणं, लसूण सोलणं, शेंगा फोडणं, वाती वळणं, पत्रावळी लावणं, वाकळेला टाके घालणं, वाळवणाची राखण, पाळण्याची दोरी. पुरुष असेल तर सुतळी किंवा दोर वळणं. या यादीत एक गोष्ट समान आहे: यातलं प्रत्येक काम एकदा जागा धरून बसलं की उठावं न लागता होतं. घरातलं काम ताकदीप्रमाणे तुकड्यांत वाटलेलं होतं आणि म्हाताऱ्यांच्या वाट्याला बसलेल्या जागी होणारे तुकडे येत. ही वाटणी शहाणपणाची होती यात शंका नाही. पण तिनं म्हातारी उपयोगी ठरत होती, स्वतंत्र नव्हे. निवडलेले तांदूळ वैरायला, पाणी ओढायला, जाळ घालायला दुसरे हात गृहीत होते. ते हात नसले तर? प्लेगात किंवा दुष्काळात घर ओस पडलं, मुलगा मुंबईला गिरणीत गेला आणि पैसे यायचे थांबले, किंवा मुळात मूलच नव्हतं, तर तीच बाई शेजारधर्मावर जगे. पुण्यात १८६३ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निघालेली संस्था अनाथ पंगू गृह या नावानं ओळखली गेली. त्या काळाच्या दृष्टीनं निराधार आणि अपंग हे दोन प्रश्न एकमेकांना इतके लागून होते की एकाच छपराखाली आणि एकाच पाटीवर ते बसले. ज्याला काम होत नाही आणि ज्याला माणूस नाही, त्या दोघांची अवस्था खरोखरच एक होती.

सगळ्यांत जड काम दळणाचं. बाजरीचं पीठ थोड्याच दिवसांत कडू पडतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. त्यामुळे महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवण्याची सोयच नव्हती. रोज पहाटे कोणीतरी जात्याच्या खुंट्याला हात घालायलाच हवा. एका हातानं दाणे वैरायचे, दुसऱ्यानं दगड ओढायचा. समोर जोडीण असेल तर ओढ निम्मी होई. जात्यावरच्या ओव्यांचं आपल्याला फार अप्रूप. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांपासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या संग्रहाचं मोल मोठं आहे. पण ओव्यांत माहेर, भाऊ आणि विठ्ठल जितक्या वेळा येतात तितकाच घामही येतो. आईनं पाजलेलं दूध या दगडापायी खर्ची पडलं, अशा अर्थाची कल्पना ओव्यांतून फिरून फिरून भेटते. जनाबाईची कथाही या नजरेनं पाहण्यासारखी आहे. नामदेवाघरच्या या दासीला विठ्ठल दळू लागतो, शेण्या वेचू लागतो. पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचं जातं आजही दाखवतात. भक्तीच्या इतिहासात या कथेचे अर्थ पुष्कळ लागले, पण तिच्या बुडाशी असलेली मागणी फार व्यवहारी आहे: समोरच्या बाजूनं खुंट्याला हात लावणारं कोणीतरी हवं. माणूस मिळेना म्हणून देव आला.

मग गिरणी आली. आधी ऑइल इंजिनवर, पुढे विजेवर. सातारचे कूपर आणि किर्लोस्करवाडी-पुण्याचे किर्लोस्कर यांचा उल्लेख आपण उद्योगाच्या किंवा शेतीच्या इतिहासात करतो. इंजिनानं मोट थांबवली हे खरंच, पण त्याच इंजिनाला पट्टा लावून फिरणाऱ्या चक्कीनं लाखो घरांतलं जातं थांबवलं, आणि घरकामाच्या इतिहासात या घटनेएवढी मोठी दुसरी क्वचितच असेल. तिला विरोधही झाला, आणि तो अडाणी नव्हता. १९३४ साली वर्ध्याला मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीजी आणि कुमारप्पा यांनी हातदळीचं पीठ आणि हातसडीचा तांदूळ यांचा आग्रह धरला. गिरणीनं कोंड्यातला कस जातो आणि गावातला रोजगारही जातो, हे त्यांचं म्हणणं. आहाराच्या अंगानं तो आग्रह आज पुन्हा मान्यता पावला आहे. पण दळणारी कोण, तिचं वय काय, ती आजारी पडल्यावर कोण, हे प्रश्न त्या मांडणीत मागच्या रांगेत राहिले. बायकांनी आपलं उत्तर वाद न घालता दिलं. जिथे जिथे गिरणी पोचली तिथे तिथे दळणाचा डबा डोक्यावर घेऊन त्या रांगेत उभ्या राहिल्या आणि जातं हळदीच्या दिवशी पूजेपुरतं उरलं. म्हातारीच्या दृष्टीनं फरक एवढाच, पण तो निर्णायक: दगड ओढणं कोणाला सांगता येत नसे, डबा गिरणीत टाकून ये एवढं शेजारच्या पोरालाही सांगता येतं. रोजचं बळाचं काम आठवड्याच्या निरोपावर आलं.

पाण्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. आडावरचा रहाट ओढणं, घागर कडेवर घेणं, नदीवरून हंडे आणणं हे उतारवयाला न झेपणारं. ऐपतदार घरांत पाणक्या ठेवत, रस्त्यावर आणि अंगणात शिंपायला पखालवाला भिस्ती. पण सोवळ्याच्या पाण्याला कोणाचाही हात चालत नसे, त्यामुळे पैसे असूनही मदत घेता येऊ नये अशी अडचण धर्मानं निर्माण केली होती. उलट टोकाला, गावाबाहेरच्या वस्तीतल्या म्हातारीचे हातपाय धड असले तरी पाणवठ्यावर तिला घागर बुडवता येत नसे. कोणीतरी वरून पाणी घालीपर्यंत उभं राहायचं. तिचं परावलंबन सांध्यांचं नव्हतं, कायद्याचं आणि रूढीचं होतं. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला आणि तो कागदावर राहू नये म्हणून १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. या घटना आपण समतेच्या इतिहासात वाचतो, तिथेच त्यांची जागा आहे. पण स्वतःच्या हातानं स्वतःचं पाणी भरता येणं ही घरकामातली पहिली पायरी आहे, आणि ती कित्येकींना कंबर शाबूत असतानाही नाकारलेली होती, हे स्वावलंबनाचे गोडवे गाताना विसरू नये. शहरांत नळ आले. मुंबईला विहारचं पाणी १८६० साली, तानसाचं १८९२ साली. तरी चाळीत नळ बहुधा मजल्याला सामाईक असे आणि पहाटेची बादली उचलण्याचं काम उरेच. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोकांनी पाणीवाली बाई म्हटलं ते उगाच नव्हे. घरातलं एक काम सोपं व्हायला नगरपालिकेशी भांडावं लागतं, हे त्या नावातच आहे.

इथे एक आक्षेप येणारच. पूर्वी एकत्र कुटुंब होतं, म्हातारीला एकटीनं काही करण्याची वेळच येत नव्हती. आजचं हे यंत्रांच्या आधारानं जगणं म्हणजे तुटलेल्या घराची मलमपट्टी. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते जितकं वाटतं तितकं नाही. एक तर म्हातारी माणसंच थोडी होती. १९०१ साली अखंड हिंदुस्थानात नव्हे, आजच्या भारताच्या हद्दीत साठीपुढची माणसं सव्वा कोटीच्या आत होती. २०११च्या जनगणनेत ती दहा कोटींच्या वर गेली, त्यांतली एक कोटीहून जास्त महाराष्ट्रात. थोड्यांना सांभाळणारी व्यवस्था पुष्कळांना सांभाळू शकली असती, हे गृहीत धरता येत नाही. दुसरं, एकत्र कुटुंबातली म्हातारी म्हणजे नेहमी माळ ओढत बसलेली आजी नव्हे. अशा म्हाताऱ्यांत मुलाबाळांची सत्ताधारी सासू होती, तशी वाटणीचा हक्क नसलेली विधवा चुलतीही होती. ब्राह्मणी घरांत सोवळ्याच्या स्वयंपाकाला अशी एखादी बाई सोयीची पडे. हातपाय चालेपर्यंत ती चुलीपुढे आणि थकली की माजघराच्या अंधारात. तिला काम करावं लागत होतं म्हणून ती स्वावलंबी होती असं कोणी म्हणणार नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली काढलेला आश्रम तरुण विधवांसाठी होता. पण शिकली नाही तर ही मुलगी पुढे कोणाच्या तरी चुलीपुढे म्हातारी होणार, हे भविष्य त्या वेळी सर्वांना दिसत होतं.

चूल जमिनीवरून उठली कशी, हे मला या सगळ्यात सर्वांत रोचक वाटतं. घासलेटचा स्टो आला तेव्हा ती उठली नाही. पिन घालून, पंप मारून पेटवायचा पितळी स्टो कित्येक घरांत भुईवरच ठेवत. बाई पाटावर बसूनच स्वयंपाक करी आणि पदराला जाळ लागण्याचे अपघात त्यातून घडत. धूर गेला, बैठक तीच राहिली. शिवाय घासलेट रेशनवर. १९७२ सालच्या महागाईविरोधी आंदोलनात लाटणी घेऊन रस्त्यावर आलेल्या बायकांच्या मागण्यांत धान्य-तेलाबरोबर घासलेटही होतं. खरा बदल गॅसनं केला. मुंबईत बर्मा शेलनं पन्नाशीच्या दशकात सिलिंडर विकायला सुरुवात केली. बॉम्बे हायचं तेल सापडल्यावर, ऐंशीच्या दशकात, मध्यमवर्गात तो पसरला, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहत का होईना. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली जमिनीवर साचतो, म्हणून शेगडी सिलिंडरच्या वरच्या पातळीवर असावी असा कंपन्यांचा दंडक. त्यामुळे ज्या घरात गॅस आला तिथे ओटा बांधावाच लागला. ओटे त्याआधी नव्हते असं नाही, दादर-माटुंग्याच्या नव्या इमारतींत उभ्यानं स्वयंपाक सुरू झालाच होता. पण तो घरोघर नेला तो या नियमानं. म्हाताऱ्या गुडघ्यांची कणव येऊन कोणी ओटा बांधला नाही. कडप्प्याची ती काळी फरशी बत्तीस-चौतीस इंचांवर चढली ती स्फोटाच्या भीतीनं आणि नव्या फ्लॅटच्या फॅशननं. म्हातारीला तिचा फायदा झाला तो आनुषंगिक. १९५९ साली आपल्याकडे प्रेशर कुकर बनू लागले, साठीच्या दशकात मुंबईत तयार झालेला सुमीत मिक्सर आला. पाटा आणि खलबत्ता त्यानं रजेवर पाठवले. या सगळ्यांच्या जाहिरातीत हसतमुख तरुण गृहिणी असे. पण तरुणीला त्यांनी वाचवलं ते तासाभराचं काम, सत्तरीच्या बाईला वाचवला तो दुसऱ्या माणसाचा आधार.

दुसरा आक्षेप वैद्यकीय वळणाचा, आणि अलीकडे तो योगाच्या शिबिरांतून फार ऐकू येतो: खाली बसण्यानंच जुन्या बायकांचे सांधे चालते राहिले, ओट्यानं माणसं आखडली. मांडी घालून बसण्या-उठण्याचा सराव असलेल्याला ते उतारवयात अधिक जमतं, हे मान्य करायला हरकत नाही. पण या युक्तिवादात एक फसगत आहे. नव्वदीत चुलीपुढे बसणारी पणजी आठवणीत राहते. साठीत गुडघे धरून बाजेवर पडलेली कोणी सांगत नाही, कारण तिच्याविषयी सांगण्यासारखं काही घडतच नसे. आणि व्यायाम म्हणून खाली बसणं वेगळं, भूक लागली म्हणून बसावंच लागणं वेगळं. पहिल्यात चुकवण्याची मुभा आहे. मात्र जमिनीवरची सगळीच हत्यारं टाकाऊ होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. विळीचंच पाहा. तिचं पातं स्थिर असतं, पाय पाटावर दाबून धरतो आणि भाजी पात्याकडे ढकलायची. सुरीला मूठ आवळावी लागते, विळीला नाही. संधिवातानं बोटं वाकडी झालेल्या बाईला किंवा एक हात लुळा पडलेल्या माणसाला सुरीपेक्षा विळी सोपी. नारळ खोवायला तर तिच्यासारखं दुसरं नाही. ओट्यानं बैठक सोडवली आणि त्याबरोबर हे शहाणं हत्यारही अडगळीत टाकलं. आता ओट्याच्या कडेला स्क्रूनं आवळायच्या, उभ्यानं वापरायच्या विळ्या मिळतात. बोटांना जुनं हवं होतं, गुडघ्यांना नवं, आणि दोन्ही एकत्र आणायला कित्येक वर्षं गेली. घर सुधारणारे नि वापरणारे वेगळे असले की असं होतं.

ओटा तरुण बाईच्या मापानं बांधला गेला हे तिची उंची उतरू लागल्यावर कळतं. वयानं पाठ वाकली की तीच फरशी कोपराच्या वर येते. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागतं, आणि म्हातारपणी स्टूल हे घरातलं सर्वांत धोकादायक सामान. माळ्यावरचं तर सोडाच. सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, लोखंडासकट वजन तिसाच्या घरात. तो सरकवणं, झाकण काढून रेग्युलेटर बसवणं हे एकट्या म्हातारीचं काम नव्हे. मुंबई-पुण्यात गेल्या काही वर्षांत नळानं येणाऱ्या गॅसनं हा अडथळा हटवला. गिरणी आणि नळ यांच्यासारखीच हीदेखील उंबऱ्याबाहेरून झालेली मदत. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत ग्रामीण घरांत सिलिंडर गेले, पण ओटा योजनेत नव्हता. तिथे पुष्कळ ठिकाणी शेगडी जमिनीवर किंवा एखाद्या फळकुटावर दिसते. धूर गेला, बैठक तीच राहिली, हे स्टोच्या वेळचं वाक्य पुन्हा लिहावं लागतं.

आता पुरुषांकडे वळतो, कारण स्वावलंबनाची चर्चा बायकांपुरती ठेवण्यात सोय आहे आणि लबाडीही. १९६९ साली फिलाडेल्फियात लॉटन आणि ब्रोडी यांनी वृद्धांना स्वतंत्र राहता येतं का हे मोजण्याची एक यादी तयार केली: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. जगभर अजून ती वापरतात. मूळ पद्धतीत पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणं या तीन बाबी लावतच नसत. म्हणजे चहा न करता येणारा म्हातारा कागदावर पूर्ण स्वावलंबी ठरू शकत होता. अमेरिकेतल्या त्या तज्ज्ञांना हसण्याचं कारण नाही, आपल्या घरांत हीच मोजपट्टी न लिहिता चालू होती. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या जवळपास निम्म्या लोकांना अशा यादीतलं किमान एक काम अवघड जात असल्याचं आढळलं. त्यांतल्या किती पुरुषांना ते वयानं जड झालं आणि किती जणांनी ते कधी शिकलंच नव्हतं, हा प्रश्न अशा आकड्याबरोबर विचारायलाच हवा. बायको गेल्यावर मराठी पुरुषाला वाचवलं ते बहुधा बाजारानं. गिरणगावात घर गावी ठेवून आलेल्या कामगारांसाठी बायका खाणावळी चालवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ बांधलं. त्याच परंपरेत पुढे दादर-ठाण्याची पोळी-भाजी केंद्रं आली. आज सकाळी पिशवी घेऊन तिथे उभे असलेले पांढऱ्या केसांचे ग्राहक पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते: थकलेल्या शरीराला मदत विकत घेणं मान्य झालं आहे, आणि त्यात कमीपणा उरलेला नाही. विकतची पोळी खाणाऱ्या बाईला मात्र अजूनही कोणीतरी टोमणा मारतोच.

विकतच्या मदतीतली दुसरी, आणि अधिक जुनी, म्हणजे धुणं-भांड्याला येणारी बाई. ओट्याच्या इतिहासातलं सर्वांत बोलकं दृश्य तिच्याभोवतीच आहे. ओट्यावर काय चढलं ते पाहावं: चिरणं, वाटणं, शिजवणं, लाटणं, म्हणजे घरातल्या बाईनं स्वतःकडे ठेवलेली कामं. जमिनीवर काय राहिलं? भांडी मोरीत, धुणं मोरीत, लादी ओल्या फडक्यानं पुसणं. ही कामं मोलकरणीकडे गेली होती. बेसिन आणि वॉशिंग मशीन आल्यावरही कित्येक घरांत भांड्यांसाठी मोरी आणि तिच्यापुढे उकिडवी बसलेली बाई कायम राहिली. काम उंचावर न्यायला खर्च येतो, आणि तो जिची कंबर आपली नाही तिच्यासाठी करावा असं कोणाला वाटत नाही. शेणाच्या भुईच्या जागी शहाबादी आली, मोझेक आली, तुकतुकीत टाइल आली. पुसण्याची पद्धत मात्र रांगत पुसण्याचीच राहिली. लांब दांड्याचा पोछा स्वस्त होऊनही फडक्यानं पुसलेलं जास्त स्वच्छ, हा आग्रह टिकून आहे. याची परतफेड विचित्र रीतीनं होते. घरमालकीण म्हातारी झाल्यावर तिला स्वयंपाक जमतो, डाळ-तांदळाचा कुकर लागतो, मिक्सर फिरतो. बाई चार दिवस आली नाही की अडतं ते नेमकं मोरीत आणि लादीशी. जी कामं तिनं कधी उभ्यानं करण्याजोगी केली नाहीत, तीच तिच्या स्वातंत्र्याच्या आड येतात.

मोलकरीण हाताशी आहे म्हणून म्हातारी एकटी राहू शकते, हे खरं मानलं तर त्या स्वावलंबनात दोन शरीरं आहेत, आणि दुसरंही म्हातारं होतं. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी आपणहून संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगाराइतकीच त्यांची मागणी हक्काच्या सुट्टीची होती. आजारपणात खाडा धरू नका, एवढं साधं. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, २००८ साली, महाराष्ट्रानं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याखाली नोंदणी होते ती अठरा ते साठ वयाच्या कामगारांची. साठी उलटलेली बाई कागदावरून उतरते, पण तिला पेन्शन नसते, म्हणून ती कामावर येतच राहते: आधी चार घरं, मग दोन, मग एखादं जुनं घर, जिथली मालकीणही तिच्याच वयाची झालेली असते. त्या घरात एकीनं ओट्याशी उभं राहून चहा टाकायचा आणि दुसरीनं मोरीच्या कठड्याला हात टेकून खाली बसायचं, ही वाटणी अजून तशीच आहे.